गोधडीचे रंग: एका मॅचिंगवाल्या शिंप्याचं उत्तर

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: आईच्या अकरा सुती साड्या, यजमानांचे सात जुने शर्ट, लेकीचे लहानपणचे फ्रॉक, ओळखीच्या शिंपिणीने दिलेली पिशवीभर कात्रणं आणि आजीच्या कुणबी साडीचा, म्हणजे गोव्यातल्या लाल चौकडीच्या हातमागाच्या साडीचा, एक फाटका भाग एवढं त्यांच्याकडे जमलंय. लेक पर्वरीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला जातेय, तिच्यासाठी गोधडी शिवायची आहे. पण तीन आठवडे तुकडे पलंगावर पसरलेत आणि कसेही मांडले तरी भेळच दिसते. लेक म्हणते, ‘आई, बटबटीत नको हां.’ एका नातेवाईक बाईंनी सांगितलं, पाच रंग ठेव, बाकीचे काढून टाक. ताईंनी रंगांचं चक्र छापलेला तक्ताही आणला, पण त्याने गोंधळ वाढलाच. आणि शेवटी विचारलंय की लेकीच्या पोपटी फ्रॉकचं काय करू, तो कशातच बसत नाही.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. म्हापशात तीस वर्षं मी ब्लाऊज शिवले. म्हणजे आयुष्य मॅचिंग शोधण्यात गेलं. साडीला ब्लाऊज पीस, पीसला अस्तर, अस्तराला दोरा, दोऱ्याला हुक. शुक्रवारच्या बाजाराला आलेली बाई साडीचा पदर माझ्यासमोर धरणार आणि म्हणणार, ‘अगदी हाच रंग पाहिजे.’ दुकानात कात्रणांच्या गोण्या साठायच्या. त्यातून गोधड्या शिवायला लागलो त्याला आता अठरा वर्षं होतील. पहिल्या चार-पाच गोधड्या मी ब्लाऊजच्या हिशोबाने जुळवल्या, प्रत्येक तुकड्याला शेजारी त्याच्याच रंगाचा सोबती दिला. त्या दिसायला इतक्या बेचव झाल्या की त्यातली एक अजून इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली आहे, दुसरा उपयोग नाही तिचा.

तुम्ही विचारलंय, कोणते रंग एकमेकांना चालतात. माझ्या मते तुमची अडचण ती नाहीच. तुमच्याकडच्या कपड्यांत रंग फार झालेत असं तुम्हाला वाटतंय, प्रत्यक्षात उजेड कमी पडतोय. साड्या आणि शर्ट हे दोन्ही बहुतेक मध्यम गडद असतात, फार फिके नाहीत, फार काळसरही नाहीत. असे दीडशे तुकडे शेजारी शेजारी ठेवले तर डोळा कुठे थांबायचं ते शोधत फिरत राहतो. त्या फिरण्याला आपण ‘भेळ’ म्हणतो आणि दोष रंगांना देतो.

आणि पाच रंग ठेवून बाकीचे काढायचा सल्ला? दुकानातून नवं कापड आणणार असाल तर उत्तम सल्ला आहे. पण तुम्ही आईच्या साड्या घेऊन बसलाय. त्यातल्या सहा बाजूला काढल्या तर गोधडी नीटनेटकी होईल, पण तीन वर्षांनी लेक विचारेल की आजीची ती जांभळी साडी यात कुठे आहे, तेव्हा काय सांगणार? शिवाय अर्धी निवड आधीच झालेली आहे. अकरा साड्या एकाच बाईने तिच्या आवडीने घेतल्या, एकाच तऱ्हेच्या धुण्यात त्या धुतल्या गेल्या, एकाच अंगणात सुकल्या. त्यांचे रंग एका सुराने उतरलेले असतात. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावर वापरून झिजलेल्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. फोटो बघा कधी. गुडघ्यावर विटलेली निळी पँट आणि तिच्याच शिवणीखाली दडून राहिलेला गडद निळा, हे दोन तुकडे शेजारी असले की तिसऱ्याची गरज पडत नाही. ते रंग कुणी तक्ता घेऊन निवडले नव्हते. एका घरातलं कापड हा स्वतःच एक संच असतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत, त्या मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. गोधडी रोज अंगावर घेणार की पलंगावर नुसती पसरणार? यंत्रात धुणार की हाताने? फ्लॅटच्या भिंती कशा आहेत? हल्लीच्या फ्लॅटांत करडा आणि पांढरा याशिवाय रंग दिसत नाही, तसं असेल तर तुमचं काम सोपं आहे, कारण त्या खोलीत जो रंग दिसेल तो गोधडीचाच. आणि साड्यांत एखादी नायलॉनची मिसळलेली असेल तर ती या गोधडीतून बाहेर ठेवा. रंगासाठी नाही, चमकेसाठी. चमकणारं कापड खिडकीकडून बघितलं की फिकं आणि दाराकडून बघितलं की गडद दिसतं, त्याचा हिशोब लागत नाही. जरीच्या काठाचंही तेच.

आता कामाला लागू. पलंगावरचं सगळं उचला. एका माणसाची गोधडी साधारण ६० बाय ९० इंच धरा. शिवून झाल्यावर ६ इंच राहील असा चौकोन घेतला तर आडवे १० आणि उभे १५, म्हणजे १५० तुकडे लागतील. पाव इंच शिवण चारी बाजूंनी धरून साडेसहा इंचांचा चौकोन कापायचा. पण इतक्यात कापू नका. आधी प्रत्येक कापडाची वितभर घडी करा आणि त्या घड्या तीन ढिगांत टाका: फिके, मध्यम, गडद. रंग अजिबात बघायचा नाही. पिवळा आणि आकाशी एकाच ढिगात गेले तरी हरकत नाही, वांगी आणि बाटलीचा हिरवा एका ढिगात जाणारच आहेत. कोणता कुठे ते कळत नसेल तर डोळे अर्धवट मिटून बघा, पापण्यांच्या फटीतून रंग पुसट होतो आणि नुसता काळोख-उजेड उरतो. फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करण्याची युक्तीही चालते, फक्त लाल आणि केशरीच्या बाबतीत फोन कधी कधी फसवतो, तिथे डोळ्यांवर विश्वास ठेवा.

लक्षात ठेवा, कोणतंही कापड स्वतःहून मध्यम नसतं. बदामी रंग आमसुलीशेजारी फिका आणि मोतियाशेजारी मध्यम. त्यामुळे ढीग लावताना घड्या एकमेकींना चिकटवून बघायच्या, हातात एकेक धरून नाही.

माझा अंदाज, तुमचा मधला ढीग पोटापर्यंत येईल आणि फिका ढीग ओंजळीएवढा असेल. माझ्या गोधड्यांत दोन वाटे फिके, दोन वाटे मध्यम आणि एक वाटा गडद असं मी साधारण धरतो, म्हणजे दीडशेत ६०, ६० आणि ३०. हा काही शास्त्रातला नियम नाही. पण फिके चाळीसच्या खाली गेले की गोधडी जड दिसते आणि गोव्यातल्या घरात, जिथे चार महिने बाहेर ढगच असतात, तिथे ती खोलीच अंधारी करते.

फिके आणायचे कुठून? नवं कापड घ्यायच्या आधी शर्ट उलटे करा. छापील कापडाची उलटी बाजू ही सुलट बाजूचीच फिकी बहीण असते. छापील निळ्या रेघांचा शर्ट सुलट मध्यम, उलटा फिका. साड्यांचंही तसंच, जिथे छपाई एकाच बाजूने आहे तिथे मागची बाजू धुकं पडल्यासारखी दिसते. ही युक्ती मला एका गिऱ्हाईक बाईने शिकवली. मी ब्लाऊज चुकून उलट्या बाजूने शिवला होता आणि ती म्हणाली, ‘राहू दे, हाच बरा आहे.’ मग घरात जुनं धोतर, पंचा, परकराचं कापड शोधा. तरी कमी पडलं तर मॅचिंग सेंटरमधून अस्तराचं केंब्रिक दीड-दोन मीटर आणा, पण धप्प पांढरं आणू नका. नीळ घातलेला पांढरा रंग आईच्या मोतिया साडीशेजारी ठेवला की ती बिचारी मळकी दिसते. सगळे फिके एकाच बाजूचे असू देत, एक तर सायीकडे झुकणारे, नाहीतर निळसर. तुमच्या सामानात जुन्या सुती साड्या आहेत म्हणून मी साय म्हणेन.

हे शेजाऱ्यामुळे रंग बदलण्याचं प्रकरण जरा खोलात सांगतो, कारण तुमचे तीन आठवडे तिथेच गेलेत. फ्रान्समध्ये गोबलँ म्हणून नावाजलेला गालिचे आणि भिंतीवरचे पडदे विणणारा कारखाना होता. तिथल्या रंगकामाचा प्रमुख शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ. विणकरांची तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्याच्या सावलीत घातला की फिका पडतो. त्याने रंग तपासला, रंगात काही खोट नव्हती. काळ्याला त्याचे शेजारी फिकं दाखवत होते. त्यावर त्याने पुढे मोठा अभ्यास केला आणि १८३९ साली तो छापला. माझ्या मुलीने हे मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आमच्या काउंटरवर रोज घडतं. मोरपंखी साडीवर ठेवलेला हिरवा पीस बाईला पिवळा वाटतो आणि तोच पीस लिंबोणी साडीवर निळा वाटतो. पीस तोच, भावही तोच.

याचा गोधडीत अर्थ असा की ‘हा रंग त्याला चालेल का’ हा प्रश्न दोन घड्या हातात धरून सुटत नाही. दोघांच्या आजूबाजूला आणखी आठ असणार आहेत. म्हणून तक्त्याचाही तुम्हाला उपयोग झाला नाही. तक्त्यातला हिरवा नुसता हिरवा असतो. आईच्या हिरव्या साडीत पिवळी वेल आहे, वेलीला तांबडी कळी आहे आणि कळीभोवती काळी रेघ. तिला कोणत्या खान्यात ठेवाल?

मग रंग आवरतात कसे? पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून कधी निवांत चाला. एक घर हळदी, दुसरं गडद निळं, पुढचं विटकरी, त्यापलीकडे हिरवट. कागदावर सांगितलं तर कुणीही म्हणेल बटबटीत. पण डोळ्याला ते गोड लागतं, कारण रंग बदलतात तरी दोन गोष्टी घरामागून घर त्याच राहतात: दारं-खिडक्यांभोवतीची पांढरी किनार आणि वरची तांबडी कौलं. एवढं धरून ठेवलं की मधल्या भिंतीला हवा तो रंग द्यायला मोकळीक मिळते. गोधडीतही मी तेच करतो. सगळ्यांवर बंधन घालायचं नाही, एका गोष्टीवर घालायचं आणि ते शेवटपर्यंत पाळायचं. तुमच्या बाबतीत फिके तुकडे हे ते बंधन. मध्यम आणि गडद कोणतेही येऊ देत, फिके मात्र सगळे सायीच्या कुळातले.

दुसरं बंधन म्हणजे एक रंग पुन्हा पुन्हा दिसणं, आणि इथे तुमची कुणबी साडी कामाला येते. आधी एक विनंती. त्या साडीचा धड राहिलेला भाग मीटरभराहून मोठा असेल तर तो कापू नका. हातमागाची जुनी कुणबी साडी आता सहज मिळत नाही. वेंडेल रॉड्रिक्स या आपल्या गोव्याच्या डिझायनरने ती पुन्हा लोकांसमोर आणली आणि आता नवी मिळते, पण आजीची ती आजीचीच. जो भाग फाटलाय, विरलाय, त्याच्या कडेचे चांगले तुकडे तेवढे घ्या. मोह असा होतो की हा मोलाचा तुकडा बरोबर मध्यभागी लावावा. तसं करू नका. लाल चौकडीचा एकच मोठा तुकडा मध्ये लावला की बाकी सगळी गोधडी त्याची चौकट होऊन बसते. त्यातून नऊ-दहा लहान तुकडे काढा, तीन-तीन इंचांचे असले तरी चालतील, फिक्या तुकड्याला जोडून पुरे करा आणि गोधडीभर पेरा. भडक रंग एकदा दिसला तर डाग वाटतो, नऊ ठिकाणी दिसला तर नक्षी. जोडीला साड्यांच्या काठात जिथे लाल रेघ असेल तो भाग मुद्दाम कापून घ्या, म्हणजे लाल एकाच कापडातून न येता वेगवेगळ्या वाटांनी येईल. दोन लाल तंतोतंत जुळले नाहीत तर फार चांगलं. विटलेला लाल, डाळिंबी, शेंदरी असे चार भाऊ असले की डोळा त्यांना एक घर समजतो. अगदी जुळणारे दोनच असले तर तिसरा थोडा वेगळा लगेच चूक वाटतो. ब्लाऊज आणि गोधडी यांच्यातला सगळा फरक एवढाच, आणि मला तो कळायला चार गोधड्या लागल्या.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. सगळे रंग ताजे, तेजस्वी असतील तर सगळे एकदम बोलतात. त्यात काही मुके रंग हवेत. आमसुली, म्हणजे आपल्या सोलांचा रंग, शेवाळी, राखाडी, खाकी, मेंदी, जुन्या शर्टाचा कॉलरपाशी उडालेला निळा. हे एकटे कुणी पसंत करणार नाही. माझ्या दुकानात खाकी अस्तर वर्षानुवर्षं पडून असायचं. पण राणी आणि मोरपंखी या दोघांच्या मध्ये एक शेवाळी बसवला की दोघंही शहाणी होतात. यजमानांचे शर्ट तुमच्या घरातले हे मुके रंग आहेत. बायका बहुधा शर्ट वगळतात, ‘पुरुषी दिसतं’ म्हणून. सातही वापरा.

कापडावरच्या छापाबद्दल एवढंच सांगतो की चार तुकड्यांत एक तरी साधा, बिनछापाचा असू द्या. आणि मोठ्या फुलांची साडी सहा इंचांत कापली की फूल ओळखू येत नाही, नुसते रंगाचे पट्टे उरतात, तेव्हा ‘मोठी फुलं बटबटीत दिसतील’ ही भीती सोडा. उलट बारीक ठिपके आणि बारीक फुलंच दुरून एकमेकांत मिसळून गढूळ होतात.

उजेडाबद्दल मात्र सावध राहा. मॅचिंग सेंटरमध्ये प्रत्येक बाई पीस घेऊन रस्त्यावर का येते ते तुम्हाला ठाऊकच आहे. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात फुटतात. तुम्ही जर संध्याकाळी, कामं आटोपल्यावर पलंगावर मांडामांड करत असाल तर तेही थांबवा, कारण उजेड उतरायला लागला की लाल आधी काळवंडतो आणि निळे मात्र उजळ वाटतात. तेव्हा केलेली मांडणी सकाळी ओळखू येत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन थेट पडत नसेल अशा खिडकीपाशी मांडा. जुनं घर असेल आणि शिंपल्यांची तावदानं शिल्लक असतील तर त्यांच्यातून येणाऱ्या उजेडासारखा उजेड नाही, पण त्यात सगळंच सुंदर दिसतं, त्यामुळे निर्णय घ्यायला तो कामाचा नाही! आणि पावसाळ्यात रंग ठरवत असाल तर एक पायरी खालीच राहा. मी एकदा ऐन जुलैत, बाहेर धो धो पडत असताना गोधडी मांडली. सगळं मरगळलेलं वाटलं म्हणून केशरी आणि गुलबक्षी वाढवत गेलो. नोव्हेंबरात गिऱ्हाइकाने ती बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, उन्हात पसरली आणि मला फोन केला. काय म्हणाले ते लिहीत नाही.

मांडणी अशी करा. जमिनीवर चादर अंथरा आणि आधी फक्त गडद तीस तुकडे ठेवा, पाच-पाचच्या रांगेत नाही, विखरून, पण दोन गडद एकमेकांना टेकणार नाहीत असे. ते बसले की बाकी मोकळ्या जागेत फिके आणि मध्यम एकाआड एक भरा. बरेच जण पिशवीत हात घालून येईल तो तुकडा लावतात आणि त्याला ‘सहज’ म्हणतात. त्यात गुठळ्या होतात, एका कोपऱ्यात चार हिरवे येतात, दुसरीकडे एकही नाही. सहज दिसायला बरीच मेहनत पडते. पिशवीतून काढायचंच असेल तर काढा, पण एकच कापड शेजारी येता कामा नये एवढा नियम ठेवा. मग दारात जाऊन उभे राहा आणि डोळे अर्धवट मिटा. जिथे डोळा अडकतो तो तुकडा बदला. त्याच्या शेजारचा बदलून बघा, बऱ्याचदा गुन्हेगार शेजारीच असतो. दोन दिवस तसंच राहू द्या. आमच्याकडे शेवटची तपासणी बायको करते. ती चहाचा कप घेऊन दारातून बघते आणि ‘तो वरचा’ एवढंच म्हणते. कोणता वरचा ते मी शोधायचं, आणि तो सापडतोच.

इथपर्यंतचा क्रम पुन्हा एकदा, कारण बरंच लांबलं: आधी तीन ढीग, मग फिक्यांची भरती, मग लालाची पेरणी, शर्ट सगळे आत, आणि मांडताना गडदापासून सुरुवात. कापायचं ढीग लागल्यावर, मांडायच्या आधी. कापण्याआधी धुवायचं.

धुण्याचं सांगतो कारण तिथे माझा हात पोळलाय. एका गोधडीत न धुतलेला लाल तुकडा घातला. पहिल्याच धुण्यात शेजारचे सगळे सायीचे चौकोन गुलाबी. दोष माझाच, दुसऱ्या कुणाचा नाही. तेव्हापासून प्रत्येक लाल, गडद निळा आणि काळा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून वरून गरम इस्त्री फिरवतो. रुमालावर डाग आला की तो तुकडा वेगळा धुवायचा, पुन्हा दाबायचा. तीनदा धुऊनही रंग सोडत असेल तर तो गोधडीत येणार नाही, कितीही लाडका असला तरी. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो हे आपल्या सगळ्यांच्या घरी सांगतात. तयार रंगवलेल्या कापडावर मला त्याचा भरवसा वाटत नाही. तुमच्या आजीचा लाल एवढी वर्षं धुतला गेलाय, तो बहुधा सोडणार नाही. शिंपिणीच्या पिशवीतली कोरी कात्रणं मात्र नक्की तपासा.

आतला थर हाही रंगाचाच प्रश्न आहे. आपल्याकडे थंडी ती काय, म्हणून मी आत कापूस घालत नाही, दोन जुन्या साड्या पुरतात. पण विरलेल्या सुती तुकड्याखाली गडद छापाची साडी आली तर ती वरून डोकावते आणि तुम्ही जीव टाकून जमवलेले साठ फिके चौकोन मळकट होतात. तेव्हा वरच्या थराला लागून धोतर किंवा पांढरा जुना पलंगपोस, आणि गडद साडी त्याच्या खाली. आईच्या ज्या साड्या उजेडात धरल्या की आरपार दिसतात, त्या कापूच नका, तशाच आत घाला. त्या गोधडीत आहेत हे लेकीला सांगितलं की झालं.

धावदोऱ्याचा रंगही एकच ठेवा, सायीचा. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, पाहिल्यात का? सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज, त्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आणि इथून निसटून त्या जंगलात गेलेले. अजून कोंकणी बोलतात. त्यांची कवंदी कडेपासून सुरू होते आणि टाके फिरत फिरत मध्यभागी संपतात. चार कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला त्या फुलं म्हणतात. रंग हाताला येतील तसे, पण वरून एकाच दोऱ्याच्या ओळी इतक्या जवळ जवळ धावतात की सगळ्या रंगांवर एक बारीक जाळी पडते आणि ती त्यांना एकत्र बांधते. तुमची गोधडी शिवल्यावर आजच्यापेक्षा नक्कीच शांत दिसेल ती यामुळे. ओळींत बोटाच्या रुंदीएवढं अंतर ठेवा.

काठाचं कापड सगळ्यात शेवटी घ्या, मांडलेले तुकडे घेऊन दुकानात जा. काळा घेऊ नका. काळ्याच्या शेजारी प्रत्येक रंग दुप्पट पेटतो आणि लेकीने नेमकं तेच नको म्हटलंय. गोधडीत आधीच चार-पाच ठिकाणी असलेला मध्यम-गडद रंग निवडा. आईच्या जांभळ्या साडीचा असेल तर वांगी, नाहीतर चिंतामणी. परीघ ३०० इंच होतो, अडीच इंचांची पट्टी आणि ३६ इंच पन्हा धरला तर पाऊण मीटर पुरतं. मीटरभर घ्या, कापताना एखादी पट्टी वाकडी जातेच.

राहिला पोपटी फ्रॉक. तो कशातच बसत नाही असं तुम्ही म्हणता, आणि लेक तो बघितल्याबरोबर ‘हा माझा’ म्हणणार हेही तुम्हाला माहीत आहे. सहा इंचांचे चौकोन त्याचे नकोत. दीड-दीड इंचांच्या बारीक पट्ट्या कापा आणि गडद तुकड्यांच्या एका कडेला जोडा, वांग्याला, आमसुलीला, बाटलीच्या हिरव्याला. फिक्याला लावला तर तो किंचाळेल, गडदाच्या कुशीत तो पालवीसारखा दिसतो. सात-आठ ठिकाणी पुरे. फ्रॉकला खिसा असेल तर तो मात्र कापू नका, अख्खा उसवून घ्या आणि गोधडीच्या मागच्या बाजूला, पायाकडच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी शिवा. वरचं तोंड उघडं ठेवा.